ऐवज कुठे ठेवावा?

चोरीची बातमी देताना आपली वर्तमानपत्रे 'चोरट्यांनी इतक्या लाखांचा ऐवज लांबविला' असे लिहितात. हा ऐवज शब्द मूळचा अरबी 'इवज'. त्याचा पहिला अर्थ मोबदला, म्हणजे एका वस्तूच्या बदल्यात मिळणारी दुसरी वस्तू. मराठीत स्थिरावता स्थिरावता तो दागदागिने आणि रोकड यांना चिकटला. ऐवज राखणारे 'कुलूप' अरबी 'कुफ्ल'पासून आले, तो ज्यात ठेवायचा ती 'संदूक' अरबी आणि 'खजिना'ही अरबीच. 'चावी' आणि 'अलमारी' मात्र पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरल्या. किंमती वस्तू सांभाळण्याचे आपले बरेचसे शब्द असे दरबारातून आणि बंदरातून घरात आले आहेत.

२०२५ साली सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या पलीकडे गेला आणि घरी तिजोरी घ्यावी का, घेतली तर कोणती, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरांतही बोलला जाऊ लागला. दुकानात गेले की विक्रेता आकड्यांची कळपट्टी दाखवतो, बोटाचा ठसा ओळखणारे यंत्र दाखवतो आणि पत्र्यावर हात आपटून आवाज ऐकवतो. आपल्याला नेमके कशाचे भय आहे, हे मात्र तो विचारत नाही. आमच्या मते खरेदीची सुरुवात तिथूनच झाली पाहिजे. जुन्या लोकांनी काय केले आणि त्यांचे काय झाले, हे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती लागते.

आपल्याकडे घरची तिजोरी म्हणजे कित्येक शतके जमीनच होती. हंड्यात मोहरा भरून तो चुलीमागे, गोठ्यात किंवा परसात पुरायचा. ज्यांचे वाडे होते ते भिंतीतच बळद ठेवीत, फडताळाच्या पाठीमागे चोरकप्पा काढीत. मातीला आग लागत नाही आणि माती चुगली करीत नाही, हा त्यामागचा हिशेब. लुटारूंनाही तो ठाऊक होता. पेंढारी गावात शिरले की भिंती फोडण्यात वेळ घालवीत नसत. ते घरधन्याच्या तोंडाला गरम राखेचा तोबरा बांधीत आणि जागा वदवून घेत. कुलूप कितीही भक्कम असले तरी ते उघडणारा माणूस मऊच असतो, ही गोष्ट त्यांना विलायती कारागिरांच्या आधी कळलेली होती.

पुरून ठेवण्यातला दुसरा दोष याहून मोठा होता. मालक अचानक वारला, परगावी गेला, साथीत सापडला की जागेची माहितीही त्याच्याबरोबर जाई. आज नांगराच्या फाळाला लागणारा प्रत्येक हंडा हा परत न आलेल्या कोणा मालकाचा आहे. असे हंडे इतके निघत की इंग्रज सरकारला १८७८ साली त्यासाठी खास कायदा करावा लागला. जमिनीत सापडलेले धन दहा रुपयांहून अधिक किंमतीचे असेल तर सरकारला कळवावे, असे त्यात ठरले. गुप्तधनाच्या वेडापायी आपल्या राज्यात पुढे काय काय अघोरी प्रकार झाले ते सांगण्याची गरज नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाचा उल्लेख उगीच आलेला नाही.

जमिनीवरचा भरवसा पाण्याने मोडतो, याचे उदाहरण सांगलीजवळच्या हरिपुरात आहे. तिथे हळद साठवण्याची पेवे होती. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिके आणि व्यापारी पेवाच्या पावतीवर व्यवहार करीत. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत उतरले आणि ज्या मातीने हळद राखली त्याच मातीत ती कुजली. हळद काय नि मोहरा काय, ठेवणाऱ्याच्या लेखी ऐवजच.

जमिनीतून वर आलेला ऐवज पेटीत गेला. पेटीच्या इतिहासात एक नाव आम्हाला आवर्जून सांगावेसे वाटते. दियारबकरच्या अर्तुकी दरबारात अल-जझरी नावाचा यंत्रविद्येचा जाणकार होता. १२०६ साली पूर्ण झालेल्या त्याच्या ग्रंथात पाण्यावर चालणारी घड्याळे, पंप आणि हात धुवायला पाणी घालणारी यंत्रे यांच्या जोडीला एका पेटीचे कुलूपही आहे. या कुलपाला चावीच नाही. झाकणावर चार तबकड्या आहेत, त्या फिरवून ठरावीक अक्षरे जुळवली की पेटी उघडते. आज दुकानदार 'नवे तंत्रज्ञान' म्हणून जे दाखवतो, त्याची कल्पना आठशे वर्षांहून जुनी आहे. चावी चोरीला जाऊ शकते, नक्कल होऊ शकते. डोक्यातले अक्षर कोणी खिशातून काढून नेऊ शकत नाही, हा त्यामागचा विचार. ते अक्षर मालकाबरोबर कबरीत जाऊ शकते, ही त्याची दुसरी बाजू आहे. तिच्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शिसवी आणि सागवानी पेट्या बनत. वर पितळी खिळ्यांची नक्षी, खाली खण आणि आत सहज न दिसणारा चोरकप्पा. सुरत आणि मुंबईहून त्या आखाताकडे आणि पूर्व आफ्रिकेकडे जात. आज जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना 'झांजिबारी पेटी' म्हणतात, पण त्यांतल्या अनेक मूळच्या इकडच्याच. योगायोग असा की, याच झांजिबारला १८९४ साली मुंबईचा एक तरुण पारशी वकील कामासाठी गेला होता. पटत नसलेली बाजू कोर्टात मांडायला त्याने नकार दिला आणि वकिलीवर पाणी सोडून तो परतला, असे त्याच्या चरित्रात सांगतात. तो तरुण म्हणजे अर्देशर गोदरेज. त्याने आधी शस्त्रक्रियेची हत्यारे बनवून पाहिली. त्यांवर 'हिंदुस्थानात तयार केलेले' असा शिक्का घालू द्यायला गिऱ्हाईक राजी होईना, म्हणून तोही धंदा सोडला. मग मुंबईतल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून १८९७ साली लालबागला एका शेडमध्ये कुलपांचा कारखाना काढला आणि १९०२ च्या सुमारास तिजोऱ्या बनवायला घेतल्या.

तोवर हिंदुस्थानातल्या पेढ्यांत आणि संस्थानिकांच्या जामदारखान्यांत विलायती तिजोऱ्यांचाच मान होता. विलायती कुलपांची अब्रू मात्र त्याआधीच एकदा चव्हाट्यावर गेली होती. लंडनच्या ब्रामा यांनी आपले कुलूप दुकानाच्या काचेमागे ठेवून ते उघडणाऱ्याला दोनशे गिनींचे बक्षीस लावले होते. चब यांचे कुलूप तर कोणी छेडछाड केली की अडकून बसे आणि मालकाला चोराची चाहूल देई. १८५१ साली लंडनला जागतिक प्रदर्शन भरले तेव्हा अमेरिकेहून हॉब्ज नावाचा कारागीर आला. त्याने चबचे कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले. ब्रामाच्या कुलपाला त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले, पण उघडले तेही. इंग्लंडात मोठी खळबळ माजली. एक्कावन्न तास कोणत्या चोराला मिळतात, हा ब्रामाच्या बाजूचा सवालही चुकीचा नव्हता. तेव्हापासून कुलपाची किंमत मिनिटांत आणि तासांत मोजण्याची समज आली. चोराला कायमचे अडवणारे कुलूप जगात नाही. शेजारी जागा होईपर्यंत, गुरखा फिरून येईपर्यंत ते टिकले की त्याचे काम झाले.

कुलपांवरून आठवले म्हणून सांगतो. अलिगढ म्हटले की आपल्याला सर सय्यद आणि विद्यापीठ आठवते. पण त्याच शहराच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या कुलपे घडवणारे कारागीर आहेत, त्यांत मुसलमान कारागीर मोठ्या संख्येने आहेत. देशातल्या किती घरांचा भरवसा त्यांच्या कानशीवर टांगलेला आहे! त्यांच्यावर मराठीत कोणी सविस्तर लिहिले तर ते वाचायला आम्हाला फार आवडेल.

इथवर सारी कथा चोराची झाली. मुंबईला वेगळा धडा मिळाला तो १४ एप्रिल १९४४ रोजी. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि स्फोटके, त्यांच्या शेजारी कापसाच्या गासड्या, आणि बंदोबस्तात ठेवलेल्या सोन्याच्या १२४ विटा. दुपारी आग दिसली. चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले आणि मांडवी, मस्जिद बंदर हा सारा व्यापारी परिसर पेटला. सातशेहून अधिक माणसे गेली; खरा आकडा याहून बराच मोठा असावा, असे मानतात. सुमारे ऐंशी हजार माणसे बेघर झाली. आग विझवताना अग्निशमन दलाचे अनेक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या परिसरात खोजे, बोहरी, मेमन, कोकणी मुसलमान, भाटिये, लोहाणे असे सारेच व्यापारी होते. धान्य, मसाले, तेल, सूत यांची गोदामे, वर पेढी आणि पेढीच्या वर बिऱ्हाड. आता त्या सोन्याचे काय झाले पाहा. अठ्ठावीस पौंडांची एक वीट उडून मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली. त्याने ती सरकारात जमा केली. बाकीच्या बहुतेक विटा पुढे गाळातून निघाल्या, काही तर १९७० च्या दशकापर्यंत निघत होत्या. सोने आगीतून, स्फोटातून, समुद्राच्या गाळातून सोने म्हणूनच परत आले. पण ज्या पेढीच्या रोजमेळ आणि खतावण्या जळाल्या तिची येणी कोणत्या गाळातून निघणार? ज्याचे भाडेखत, गहाणखत, विम्याचा कागद राख झाला त्याने कोणाच्या दारात उभे राहायचे? गोदरेज कंपनी त्या आगीतून आपल्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाल्याचे अभिमानाने सांगत आली आहे. तिजोरीची ही ओळख तोवर फारशी कोणी मनावर घेतली नव्हती. लोखंडी पेटी चोरासाठी, ही समजूत पक्की होती.

ती समजूत अजूनही पक्की आहे, आणि इथेच खरेदीत गफलत होते. चोराला अडवायला जाड पोलाद लागते. पोलाद उष्णता झपाट्याने आत पोचवते. घराला आग लागली तर जाड पोलादी पेटी आतल्या कागदासाठी भट्टी ठरते. बाहेरून पेटी धडधाकट आणि आत काळा कोळसा. आगीला अडवायला दोन पत्र्यांच्या मध्ये मसाला भरावा लागतो. जुन्या काळी त्यात तुरटी असे, आता जिप्समसारखे पदार्थ असतात. या पदार्थांच्या स्फटिकांत पाणी बांधलेले असते. आच लागली की ते वाफ होऊन सुटते आणि तेवढा वेळ आतली हवा फार तापू देत नाही. कागदासाठी आतले तापमान सुमारे १७७ अंश सेल्सिअसच्या खाली राहायला हवे, असा मोजणीचा दंडक आहे. संगणकाच्या डिस्क वगैरेंसाठी तो दंडक सुमारे ५२ अंशांचा, म्हणजे फारच कडक. म्हणून कागद वाचवणारी पेटी पेनड्राइव्हही वाचवील असे धरून चालू नये. उलट, नुसती आगीसाठी केलेली पातळ पत्र्याची पेटी पहारीपुढे टिकत नाही. दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर पेटी जड होते आणि महाग होते, त्याला इलाज नाही. विक्रेत्याने 'फायरप्रूफ' म्हटले की किती मिनिटांसाठी आणि कोणत्या चाचणीनुसार, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर कागदावर मिळाले तरच पुढे बोलावे.

आणि कपाट म्हणजे तिजोरी नव्हे. १९२० च्या दशकात पोलादी कपाटे आली आणि पुढे लग्नात मुलीला कपाट देणे ही रीतच होऊन बसली. कपाटातल्या आतल्या खणाला 'लॉकर' म्हणतात म्हणून तो लॉकर होत नाही. चोर आधी तिथेच जातो. हल्ली मिळणाऱ्या लहान डिजिटल पेट्यांचेही तसेच. दहा-पंधरा किलोची पेटी चोर तिथे उघडत बसत नाही, काखेत मारून नेतो. अशी पेटी घेतली तर ती काँक्रीटच्या किंवा भक्कम विटांच्या भिंतीत मागून बोल्टने आवळलीच पाहिजे. लाकडी फळीवर ठेवलेली पेटी म्हणजे चोरासाठी बांधून ठेवलेले गाठोडे.

आगीनंतर पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीकाठच्या वस्त्यांत, कुर्ल्यात, कलिन्यात पाणी घराच्या छताला लागले. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीने तेच पाहिले. पाणी ओसरल्यावर दागिने धुऊन घेता आले. शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्डे, सात-बाराचे उतारे यांचा लगदा झाला. आगरोधक पेटी जलरोधक असतेच असे नाही. पूर येणाऱ्या गावात तळमजल्यावर, जमिनीलगत तिजोरी बसवणे म्हणजे हरिपूरच्या पेवांची कथा पुन्हा लिहिणे होय. कोकणात तर पूर लागतच नाही. आगरोधक मसाल्याचा ओलावा पेटीत उतरतो, वर चार महिन्यांचा पाऊस, आणि दसऱ्याला पेटी उघडावी तर निकाहनाम्यावर बुरशी. ओल शोषणाऱ्या पुड्या आत टाकाव्यात, पंधरा दिवसांनी पेटी उघडून वारा द्यावा, कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावेत. लॅमिनेशन मात्र करू नये; एकदा चिकटलेले प्लास्टिक सुटत नाही आणि कागदाची पाठ कोणाला तपासायची असेल तर पंचाईत होते.

कागदांविषयी आम्ही इतके का बोलत आहोत, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. १९८४ साली भिवंडीत आणि १९९२-९३ मध्ये मुंबईत घरे जळाली, तेव्हा घराबरोबर त्या घरात आपण राहत होतो याचा पुरावाही जळाला. भरपाई मागायला गेले की पहिल्यांदा तोच पुरावा लागतो. पुढे आसामात तर कागद म्हणजेच माणूस झाला. २४ मार्च १९७१ पर्यंतच्या मतदारयादीत किंवा १९५१ च्या नोंदवहीत बापाचे, आजाचे नाव दाखवा आणि मग त्यांच्याशी आपले नाते दाखवा, असे तिथे ठरले. ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर राहणारी माणसे दरसाल पुरात घर सोडताना आधी कागदांचे पुडके प्लास्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरीत. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी अखेरची यादी लागली तेव्हा एकोणीस लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली, त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. सर्वांत बिकट अवस्था लग्न होऊन परगावी गेलेल्या, शाळेत न गेलेल्या बायकांची होती. सासरच्या कागदावर त्या होत्या, पण बापाशी नाते सांगणारा कागदच नव्हता. त्यांना पंचायतीच्या दाखल्यावर विसंबावे लागले. त्या वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या कितीतरी मुसलमान घरांतही जुन्या संदुका उघडल्या गेल्या. आजीच्या कुडीचे वजन घराला तोंडपाठ होते. आजीच्या जन्माचा कागद कुठे आहे, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

ऐवजाचा मूळ अर्थ इथे आठवावा. सोन्याला मोबदला आहे. ते गेले तर दुःख होते, पण उद्या कमावून पुन्हा घेता येते. आजोबांच्या नावाच्या जुन्या दाखल्याला मोबदला नाही. म्हणून आम्हाला कोणी विचारले तर आम्ही सांगतो की, पैसे मोजकेच असतील तर आधी कागदांसाठी आगरोधक पेटी घ्यावी आणि रोज न लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. लॉकर म्हणजेही सर्वस्वी निश्चिंती नव्हे. आत काय आहे हे बँकेला माहीत नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली कान उपटल्यावर रिझर्व्ह बँकेने नियम केले. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. भाडे तीन हजार असेल तर तीन लाख, मग आत तीस लाखांचे असो. पूर, भूकंप यांत बँकेची चूक नसेल तर तेही नाही. कागदांच्या प्रती २०१५ साली सुरू झालेल्या सरकारी डिजीलॉकरमध्ये ठेवता येतात आणि ठेवाव्यातच. पण १९६० च्या जन्मदाखल्यावरचा मोडी शेरा तिथे आपोआप येत नाही. तो मूळ कागद आपल्यालाच सांभाळायचा असतो.

आता अल-जझरीच्या अक्षरांकडे वळू. पूर्वी घरच्या चाव्यांचा जुडगा आईच्या किंवा आजीच्या कमरेला असे. त्यात सत्ता होती, पण पारदर्शकपणाही होता. चावी कुठे आहे हे घराला दिसे. डिजिटल पेटीचा आकडा बहुतेक घरांत एकट्या पुरुषाच्या डोक्यात असतो. आत बायकोचा मेहर, तिच्या माहेरचे दागिने, तिचाच निकाहनामा, आणि पेटी उघडायची परवानगी तिला नाही, असा प्रकार आम्हाला लाजिरवाणा वाटतो. शरीअतने आणि देशाच्या कायद्यानेही जे तिचे मानले आहे, त्याला कुलूप लावण्याचा हक्क नवऱ्याला कोणी दिला? आणि उद्या तो अचानक गेला तर? परसात पुरलेल्या हंड्याचे जे झाले तेच आकड्याच्या पेटीचे होईल. पेटीसोबत मिळणारी आपत्कालीन चावी त्याच पेटीत ठेवणारे महाभागही आहेत. बॅटरी संपते तेव्हा त्यांना सुतार किंवा लोहार आठवतो. ती चावी बाहेर, घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाकडे असावी. आकडा दोघांना तरी ठाऊक असावा. आणि तो जन्मसालाचा किंवा गाडीच्या नंबरचा नसावा.

जागा निवडताना शयनगृहाचा कोपरा आणि दिवाणखान्यातली चित्रामागची भिंत या दोन्ही चोराला पाठ असतात, त्या सोडाव्यात. स्वयंपाकघराच्या गॅसला लागून पेटी नको, गळक्या मोरीला लागून नको. भारतीय मानक ५५० नुसार तपासलेली भक्कम तिजोरी घेतली तर तिचे वजन शेकडो किलो असू शकते. जुन्या चाळीत किंवा कोकणातल्या माडीच्या घरात लाकडी पाटणीवर ती चढवण्याआधी वासे कसे आहेत ते सुताराला दाखवावे, आणि खालच्या बिऱ्हाडालाही एकदा विचारून घ्यावे.